बहिणीला रोज कोण उचलणार, याविषयी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंद्याने शिंपीण, हे सर्व पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणणारे दीर बाहेरच्या खोलीत चहा पीत आहेत.

१. राहते घर माझ्या स्वतःच्या कमाईचे आहे. दिरांनी प्रार्थनामंडळाच्या भर सभेत, "वहिनी घर माझ्या नावावर करणार, मी तिथे सेवाकेंद्र काढणार," असे जाहीर केले आणि टाळ्या घेतल्या. मला कोणी विचारले नव्हते. तरी शब्द गेला तो गेला. घर दिरांना द्यावे.

२. कायद्याने कलम १ रद्द झाल्यास घर माझ्या धाकट्या बहिणीचे. ती अंथरुणाला खिळलेली आहे; रोज सकाळी तिला उचलून खुर्चीत बसवावे लागते. मंडळात या सेवेसाठी कोण तयार आहे असे विचारताच सगळ्यांनी हात वर केले. ते अजून खाली आलेले नाहीत. दीर एकदा आले, तिच्याशेजारी बसून फोटो काढून घेतला आणि म्हणाले, "वहिनी, सेवा मनातून व्हायला हवी. माझी कंबर धरते." माझ्यामागे तिला आश्रमात पोचवायचे त्यांनी ठरवूनही टाकले आहे. त्या धास्तीने ती जेवत नाही, आणि मला ते बघवत नाही.

३. बहिणीनंतर घर शेजारच्या वायरमनचे. तो कुठल्याच मंडळात नाही. रोज येऊन तिला उचलतो आणि तेवढ्यात देव कसा नाही हे पटवतो. प्रवचन परवडले, इतके लांबवतो. घराचा विषय काढला तर भडकला, "मावशी, असलं काही केलंत तर उद्यापासून येणार नाही!" म्हणून हे कलम त्याला कळवलेले नाही.

४. शिलाई मशीन आणि मोठी कात्री माझ्या हाताखाली शिकलेल्या भाचीला. मंडळाच्या स्वयंसेवकांना मी फुकट शिवून दिलेले सदरे त्यांच्याकडेच राहू द्यावेत. घामाचा एक डाग नाही, अजून नवेकोरे आहेत.

५. वकीलबाई सांगतात, साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याला त्या मृत्युपत्रातून काही मिळत नाही. त्याच्यापुरते कलम रद्द, बाकी सगळे कायम. मी औषधवाले आणि त्यांच्या पत्नीला बोलावले होते. दीर म्हणाले, "औषधवाल्यांच्या बाईंना कशाला त्रास? सहीला मी आहे ना!" वकीलबाईंनी त्यांना इथवरचे सगळे वाचायला दिले. त्यांनी कलम १ दोनदा वाचले आणि पेन मागितले.

स्थळ: माझे घर. तारीख: आजची, वकीलबाईंच्या शिक्क्याप्रमाणे.

(सही) शिंपीण

साक्षीदार:
(सही) कोपऱ्यावरचे औषधवाले
(सही) दीर, अध्यक्ष, प्रार्थनामंडळ. सहीखाली त्यांच्याच अक्षरात: "विनामोबदला, सेवाभावाने."