उत्तरेच्या खोलीचा ताबा

ता. ४ मार्च

चि. बटण हिस अनेक आशीर्वाद.

वि. वि. मी, तुझा सख्खा आजोबा, वय वर्षे एक्याऐंशी, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, व्यवसाय स्वतंत्र शिवणकाम, पूर्ण शुद्धीत लिहितो की, पश्चिमेच्या खिडकीबाहेरचे आपले झाड आतून पोकळ झाले असून, वादळापूर्वी ते उतरवावे असे माळ्याने निक्षून सांगितले आहे. तुझे वडील म्हणतात की, मग त्या खोलीतला उन्हाळा आईच्या, म्हणजे तुझ्या आजीच्या, हृदयास सोसणार नाही, तरी दोघांनीही आमच्या सदनिकेत यावे. या वयात मी मुलाच्या घरी पाहुणा होणार नाही.

तुझ्या कचेरीत संगणकावर घर उभे करतात, त्यावर ऊन सोडतात व खोली किती तापेल ते आधीच काढतात, असे तू सांगितले होतेस. तरी आपले घर उभे करावे आणि खोली राहण्यास योग्य असल्याचा दाखला वडिलांच्या नावे धाडावा. मापे सोबत आहेत. बुंध्याचा घेर मी स्वतः टेपने घेतला. पानांतून ऊन किती झिरपते, असे तू विचारशीलच. उन्हाळ्यात हे झाड म्हणजे अस्तर लावलेला कोट. हिवाळ्यात नुसती मलमल.

त्या खिडकीशी बसून तुझ्या आजीने माझ्या सर्व गिऱ्हाइकांची काजे केली. कवडसे तिच्या मांडीवर येऊन पोहोचले की ती चहा ठेवण्यास उठत असे. घड्याळ आम्ही पुष्कळ उशिरा घेतले. तिच्याच डब्यातले बटण गिळून तू हे नाव मिळवलेस.

आशीर्वाद आहेतच. दाखला लवकर यावा.

तुझा आजोबा

ता. १५ मार्च

ती. स्व. आजोबांना सा. न.

दाखला पाठवत नाहीये. रागावू नका, आधी वाचा.

झाडासकट आणि झाडाशिवाय, असं घर दोनदा चालवून पाहिलं. झाड पुसायचा मला धीर होईना. शेवटी शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीकडून पुसून घेतलं. झाड गेलं की एप्रिलच्या दुपारी आजीची खोली चार अंश जास्त तापते, आणि भिंत ती धग रात्रीपर्यंत सोडत राहते. आतून पडदे लावून फारसं काही होत नाही, कारण ऊन तोवर काचेतून आत आलेलं असतं. बाहेरून चटई बांधली तर थोडा उतार पडतो, पण आजीला पुरेल इतका नाही. नवं रोपही लावून पाहिलं. इथे ते क्षणात वाढतं, तुमच्या अंगणात बारा-पंधरा वर्षं घेईल.

झाडावाचून थंड राहते ती एकच खोली, उत्तरेची. म्हणजे तुमची. तुमच्या भुवया इथून दिसताहेत! तिथल्या टेबलाला हात लावला म्हणून बाबांनी लहानपणी किती मार खाल्ला, ते मला तोंडपाठ आहे. पण आजी ती खोली स्वतःहून कधीच मागायची नाही, म्हणून मीच लिहिते.

माया पातळ होऊ देऊ नका.

तुमचीच फटकळ बटण

ता. २ एप्रिल

चि. बटण हिस आशीर्वाद.

पत्र वाचून काही दिवस मी तुझ्याशी मनातल्या मनात अबोला धरला, हे नमूद करतो. उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा असतो. काळ्या आणि गडद निळ्या दोऱ्यांतला फरक अन्य खोलीत कळत नाही. त्या टेबलाशी उभे राहून मी तुझ्या वडिलांचा शाळेचा सदरा बेतला, त्यांचा लग्नाचा कोट बेतला, तुझे पहिले झबलेही. टेबल हलवणे म्हणजे दुकान उठवणे, असे माझे म्हणणे होते. तुझी आजीही म्हणाली की, मला काही होत नाही, टेबल राहू द्या.

सोमवारी झाड उतरले. दुसऱ्या दुपारी मी पश्चिमेच्या खोलीत गेलो. तुझी आजी खाट भिंतीपासून दूर ओढून, मानेवर ओले फडके ठेवून बसली होती. मला पाहताच तिने ते उशीखाली दडवले. मी सुताराला बोलावणे धाडले.

टेबल दारातून निघेना, सबब पाय कापावे लागले. ते पुन्हा जोडून देतो, असे सुतार म्हणाला. मी सांगितले की, बसून काम करणाऱ्यास एवढी उंची लागत नाही. आता मी पश्चिमेला सकाळच्या वेळीच शिवतो. तुझ्या आजीने दारात थबकून विचारले की, या दुकानात बायकांना बसू देतात काय. मी तिची खाट आत लावली.

वडिलांस कळव की, आम्ही कोठेही येत नाही.

उपस्थित साक्षीदार: सुतार, तसेच माळी, टेबलाचे एक टोक धरण्यापुरता. तुझी आजीही हजर होती. परंतु आडवी होताच तिला गाढ झोप लागल्याने तिची साक्ष नोंदवता आली नाही.