विमानाची खांदमळणी

शिरूर अनंतपाळ
२७ ऑगस्ट १९८२

प्रिय अक्का,

तुझं पत्र मिळालं. आपल्या पाखऱ्या-हरण्या बैलजोडीला गिऱ्हाईक लागलंय आणि हिमायतनगरच्या येत्या बाजारात दाजी सौदा पक्का करणार, हे वाचलं. चाऱ्यासाठी तुझ्याकडे ठेवलेली जोडी विकून टाका, असं मीच कळवलं होतं, आबाला न सांगता. त्याबद्दल शेवटी लिहितो. आधी विमानाचं ऐक, नाहीतर दुसरा कुणी तुला तिखटमीठ लावून सांगेल. मीठ मीही लावणार आहे, पण घरचं.

लातूर जिल्हा झाला त्या दिवशी गंजगोलाईच्या चौकावर फुलं टाकायला हैदराबादहून एक विमान आलं होतं. कापडी पंखांचं, दोन माणसांचं, वयानं माझ्याहून थोरलं. परत जाताना पेट्रोल संपत आलं, तेव्हा म्हाताऱ्या कप्तानसाहेबांनी खाली सपाट जागा शोधली. यंदा पेरलेलं उगवलंच नाही, त्यामुळे आपलं रान वरून मैदान दिसलं असणार. विमान छान उतरलं, पळालं आणि बांधाला धडकून डावा पाय मोडून बसलं. हा तोच बांध, ज्याच्यासाठी आपण आणि चुलत्यांनी तीन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. विमान मोडल्यापासून चुलते म्हणतात बांध तुमचाच, आणि आबा म्हणतो छे, तुमचाच.

साहेबांनी मला विचारलं, "मियाँ, हवाई जहाज कभी खोले?" मी ट्रॅक्टरचा मिस्त्री. म्हणालो, "साहब, जो खुलता वो बंद बी होता." विमानाचा पाय म्हणजे लोखंडी नळ्या, आणि धक्का सोसायला त्यांना करकचून गुंडाळलेली सुती वेष्टणातली रबरी दोरी. वाकलेली नळी सरळ केली, आत दुसरी नळी सारून वेल्डिंग मारलं. नवी दोरी साहेबांच्या सामानात होती. ती ताणायला मी, शरणप्पा गवंडी आणि एक पहार, एवढे लागलो. तिसऱ्यांदा दोरी सुटली तेव्हा शरणप्पा कानडीत काय बोलला ते साहेबांनी विचारलं. देवाचं नाव घेतोय म्हणून सांगितलं. शेवटी पाय उभा राहिला. साहेबांची एकच ताकीद होती, "रबर को तेल का हात बी नको लगाव." मी सगळ्या गावाला बजावलं. आबाला सांगायचं तेवढं राहिलं, तो पाण्याच्या टँकरच्या रांगेत होता.

पेट्रोल यायला पाच दिवस लागले. मध्ये पोळा येऊन गेला. पेट्रोल आलं, गाव जमलं, क्विंटलभर वजनाचे साहेब आत बसले, आणि विमान सगळ्यांदेखत पाय फाकवत पोटावर टेकलं. मी खाली वाकून बघितलं तर तुपाचा वास. बोटाला हळद. मी ओरडलो, हे कुणी केलं? आबा पुढं आला, टोपी सारखी केली आणि म्हणाला, "म्या केलं. पोळ्याच्या आदल्या दिशी बैलांचं खांदं चोळून खांदमळणी करत्यात न्हवं? धडकलं हुतं बिचारं, दुखत आसंल." तूप आपल्या घरात नव्हतंच, शेजारच्या तुळजाबाईकडून वाटीभर मागून आणलेलं. त्यात हळद कालवून, पळसाच्या पानानं दोन्ही पाय अर्धा तास चोळले होते. रबर तूप पिऊन फुगलं आणि मळलेल्या पिठासारखं मऊ झालं.

मला वाटलं साहेब आता आबाला कच्चं खातात. मी माझ्या मोडक्या उर्दूत खांदमळणी समजावली, तर ते खाली बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मग त्यांनी आबाला विचारलं, मालिश करताना तुम्ही काही म्हणालात का? आबा म्हणाला, "काय म्हननार? बैलांला म्हनत्यात त्येच, आज आवतन घ्या, उद्या जेवाया या." साहेब हसायचे थांबले.

मग मी ट्रकच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून दोन्ही पाय नव्यानं बांधले आणि परवा विमान उडालं. नीट उडालं, अक्का! माझ्या हातचं. मी लहान पोरासारखा मागे धावलो. चुलत्यांनी बांधाला नारळ फोडला, पण आबाच्या बाजूला उभं राहून.

सगळे पांगल्यावर आबा म्हणाला, "लिंबा, गोठ्यात कुनी न्हाई म्हनून त्या इमानाचं पाय चोळलं. पर नाव पाखऱ्या-हरण्याचंच घेतलं. आवतन त्यांला हाय. ते कवा येनार?" घरात नेऊन त्यानं टोपलं उघडलं. चुलतीनं पोळ्याला दिलेल्या पुरणपोळ्यांतल्या दोन त्यानं जोडीसाठी झाकून ठेवल्या होत्या, वाळून कडक झालेल्या. विमान दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला तेव्हा तोंड लपवायला जागा सापडेना.

म्हणून हे पत्र. दाजींना सांग, सौदा मोडा. गिऱ्हाइकापुढे खोटा मी ठरतो, माझं नाव सांगा. नव्या जिल्ह्याची चारा छावणी शिरूरजवळ सुरू झालीय. तिथे आबाच्या नावावर दोन बैल लिहून आलोय, बैल नसतानाच. रविवारी ट्रक घेऊन तुझ्याकडे भोकरला येतो. तूही त्यात बस, पुरण तुझ्या हातचं लागेल. आणि निघताना दोघांच्या कानात सांग, आबानं आवतन कधीच दिलंय, जेवायला उशीर माझ्यामुळं झाला.

तुझाच,
लिंबा