न विचारता

बाबा, परवा तुमचा पाण्याचा पितळी गडवा कपाटातून बाहेर काढला. तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली, तरी पहिली भीती हीच वाटली की तुम्ही आता विचाराल, चिंचेनं घासला होता का. नाही घासला.

भंडाऱ्यात पितळेची दुकानं पुष्कळ, पण भांड्यावर नाव टाकायला लोक तुमच्याकडेच येत. छिन्नी धरण्याआधी तुमची एकच अट असे: ज्याचं नाव, त्यानंच सांगायचं. लग्नाची भांडी घेऊन आलेला बाप घाईत असायचा आणि तुम्ही मागे उभ्या नवरीला विचारायचे, "काय नाव टाकू, बाई? माहेरचं का सासरचं?" बाप चिडायचा. "माह्यासंग बोलनं झालं ना, तिले कायले विचारून राहिले?" तुम्ही मान वर न करता म्हणायचे, "भांडं तं तीच घासन ना जी."

आणीबाणीत तहसिलीचे एक साहेब दुकानात आले तो दिवस मला लख्ख आठवतो. साहेबांच्या हातात यादी आहे, शिपायाच्या डोक्यावर नव्या गडव्यांचं पोतं. दिघोरीला नसबंदीचं शिबिर आहे; ऑपरेशन झालेल्या प्रत्येकाला नाव टाकलेला गडवा मिळणार, मोठ्या साहेबांच्या हस्ते.

"लोक राजी हायेत का, साहेब?"

"राजी कशाला व्हायला पाहिजे? सोमवारी गाडी जाईल, घेऊन येईल. तुम्ही नावं टाका."

माणूस पकडण्याआधी त्याचं बक्षीस तयार. इतका व्यवस्थित कारभार मी नंतर फारसा पाहिला नाही.

दुसऱ्या सकाळी तुम्ही यादी खिशात घालून एसटी स्टँडकडे निघालात. आई दारात आडवी. "लोक नुसते बोलले म्हणून मिसाखाली जेलात जाऊन राहिले, अन् तुम्ही कुठं चालले?"

"नावं विचाराले."

खरोखर तुम्ही तेवढंच केलंत. दिघोरीत तळ्याच्या पाळीवर, धानाच्या बांधीत यादीतल्या एकेकाला गाठलंत. "भाऊ, शिबिराच्या गडव्यावर तुमचं नाव टाकू ना जी?"

"कोनतं शिबिर?"

"सोमवारचं. यादीत हाय तुमचं नाव."

सोमवारी शाळेच्या व्हरांड्यात गडवे रांगेत उभे होते, चकचकीत आणि कोरे. गावात पुरुष औषधालाही नव्हता. साहेबांनी तुम्हाला बोलावून घेतलं. "काय सांगितलं तुम्ही लोकांना?"

"सांगतलं काईच नाई, साहेब. विचारलं."

विचारण्याचं कलम त्यांना सापडेना. पण आकडा भरायचा होता, डॉक्टर बसून होते आणि टेबल रिकामं होतं. चौघांनी धरून तुम्हालाच त्यावर झोपवलं. मी तुमची एकुलती एक; तशीच राहिले. आईनं मुलासाठी बोललेला नवस तसाच राहिला.

तिसऱ्या दिवशी तुम्ही वाकून चालत घरी आलात, हातात कोरा गडवा. छिन्नी घेतलीत, स्वतःचं नाव टाकलंत आणि खाली दोन शब्द: "न विचारता".

आई रडतच म्हणाली, "हे कायले कोरता? लोक पायतीन."

"पाहू दे. नाव माह्यं हाय, मी सांगून राहिलो."

पाहुण्यांना तुम्ही मुद्दाम त्याच गडव्यातून पाणी दिलंत. वाचणाऱ्याचा घोट घशात अडकायचा आणि तुम्ही अदबीनं विचारायचे, "अजून घेता काय?" मी इतकी वर्षं टोपणनावानं लेख लिहून लोकांच्या टोप्या उडवते आहे, पण एवढं धारदार मला दोन पानांतही जमलेलं नाही.

आता खरी गोष्ट. सरकारवरचा माझा एक लेख बपेऱ्याकडच्या एका मास्तरनं फोनवरून चार लोकांना पाठवला. त्याला शिक्षण खात्याची नोटीस आली. लेखाखाली खरं नाव नाही, म्हणून लेखक तोच ठरला. नोकरी जायची वेळ आली आहे. परवा त्याची बायको माझ्याकडे आली होती. अर्ज लिहूनच आणला होता, की लेख यांचा नाही, अमुक बाईंचा आहे. नावाची जागा मोकळी ठेवली होती. माझं नाव तिला ठाऊक होतं, तरी पेन माझ्यापुढे धरून ती म्हणाली, "ताई, तुमचं नाव टाकू ना जी?"

मी म्हटलं, "विचार करून सांगते." तिला चहा दिला. पाणी स्टीलच्या पेल्यातून दिलं. ती गेल्यावर गडवा काढला.

हे पत्र त्याच्यातच घालून ठेवते आहे. खाली नाव टाकलेलं नाही. आणि मला तर तिनं विचारलं होतं, बाबा.