श्रीपादावरचा एक टोला

मिरिस्सा, मंगळवार

अम्मा, इथूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवतो.

मी मजेत आहे, जेवणही वेळेवर होतं. सिगिरियाचा खडक झाला, एल्लाचा पूल झाला. आज गाडीतले परदेशी पाहुणे बोटीतून देवमासे बघायला गेलेत आणि मी किनाऱ्यावर गाडीला टेकून लिहितोय. एका जागी बसवत नाही. सकाळपासून तीनदा गाडी पुसली.

तुझा पाय कसा आहे? आपली धाकटी इनोका फोनवर "बरा आहे" म्हणते, पण फार घाईने म्हणते.

परवा पाहुण्यांना घेऊन श्रीपादाचा डोंगर चढलो. माझी ही अकरावी खेप, म्हणजे रिवाजाप्रमाणे वरच्या घंटेला अकरा टोले द्यायचे. दोरी हातात घेतली आणि आठवलं, साऱ्या जगाला मी वर नेलं, तुला मात्र दरवर्षी म्हटलं, "सीझन संपू दे, अम्मा." आपला पर्यटकांचा सीझन संपतो तेव्हा डोंगरावरची यात्राही संपलेली असते.

मी एकच टोला दिला. मागच्या म्हाताऱ्या हसल्या, "पहिलीच खेप का रे? तरीच एवढी धाप लागलीय!"

मी हो म्हणालो. तो टोला तुझा होता. पण बुद्धाच्या त्या पवित्र पावलापुढे असं दुसऱ्याच्या नावावर चालतं का गं?

यात्रा अजून महिनाभर आहे. इनोकाला म्हणावं, "बरा आहे" नको म्हणूस. अम्मा ओसरीची पायरी एकटी चढते का, तेवढंच लिही.

तुझा थोरला,
नंदसिरी