ठेवलेला मासा

६ फेब्रुवारी २०१७, कोसबाड

पोचले एकदाची! डहाणू रोडला उतरल्या उतरल्या रिक्षावाल्याशी भांडले, म्हणजे गावात राहायला आल्यासारखं वाटलं. तो अर्धं गुजराती, अर्धं हिंदी बोलत होता, मी आमचं कराडचं मराठी. तरी दोघांना एकमेकांचं सगळं कळलं.

खोली झकास आहे. मागे चिकूची वाडी, पुढे घरमालकीण अंबूबाईंचं घर. साठी उलटलीय बाईंची, पण वाडीचा सगळा कारभार स्वतः बघतात आणि मजुरांवर ओरडतात तेव्हा झाडावरची पाखरं उडतात. आल्या आल्या त्यांनी मला भात, वालाचं बिरडं आणि तळलेले बोंबील वाढले. मी दुसऱ्यांदा भात मागून घेतला तेव्हा कुठे त्यांचा चेहरा फुलला. खाणारी माणसं त्यांना आवडतात. मग आमचं जमणारच.

वर्षभर इथल्या ओढ्यांत, डोहांत आणि खाड्यांत हिंडून कुठे कोणते मासे आहेत ते बघायचं, हे माझं काम. आई फोनवर म्हणाली, याच्यासाठी एवढी शिकलीस का? म्हटलं, हो, याच्यासाठीच.

११ फेब्रुवारी

आज तलासरीच्या पुढे एका पाड्यावर गेले. रूपी नावाची तिथली ग्रामपंचायत सदस्य आहे, चाळिशीची. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात कोयता, आणि बोलताना दोन्ही हलवते. तिने मला पाड्यामागचा डोह दाखवला. ओढा दोन खडकांमधून उतरतो आणि खाली हिरवंगार, खोल पाणी साचतं. उन्हाळ्यातही आटत नाही म्हणे. पाणी एवढं स्वच्छ की माझा शहाणपणाच गेला, चपलांसकट उतरले.

मग तिने खरी गोष्ट सांगितली. पलीकडून नवा रस्ता जाणार आहे. खाणीतला दगड-मुरूम टाकून हा डोह बुजवायचा, असं कंपनीने ठरवलंय. पाड्याने हरकत घेतलीय आणि मार्चअखेर सुनावणी आहे. कंपनीचा इंजिनिअर देवेश तिथेच भेटला. अगदी गोड माणूस. हसून म्हणाला की मॅडम, कागदोपत्री हा नुसता खड्डा आहे, यात काही विशेष असेल तर दाखवा, आम्ही रस्ता वळवू.

असं गोड बोलणारं कुणी भेटलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. दाखवते, म्हटलं.

१९ फेब्रुवारी

आज डोहाची मासेमारी. होळीच्या आधी एकदाच करतात. सगळा पाडा पाण्यात, बायका टोपल्या घेऊन, पुरुष जाळी घेऊन, काठावर ताडी. पकडलेला मासा मीठ-मिरची लावून, पळसाच्या पानात गुंडाळून तिथेच निखाऱ्यावर भाजायचा आणि तिथेच खायचा. काटेसुद्धा पाण्यात टाकायचे. एकही मासा घरी न्यायचा नाही, अगदी घरात आजारी माणूस असलं तरी. मी कारण विचारलं तर रूपी म्हणाली, इथलं खायचं किंवा सोडायचं, ठेवायचं नाही. बाकी बायका हसल्या, मला वाटलं माझ्याच प्रश्नाला हसतायत.

आणि मग माझ्या टोपलीत तो आला! बोटाएवढा, चार मिशा, अंगभर काळे ठिपके, शेपटी केशरी. पाड्यावर त्याला टिपऱ्या म्हणतात. मी एवढी वर्षं मासे बघतेय, असा मासा कधी बघितला नाही, पुस्तकातही नाही. फोटो काढताना त्याच्या पराचा काटा बोटात खसकन घुसला. तेवढ्यात रूपीने पळसाचं पान पुढे केलं, भाजायला.

आता काय सांगणार? नवी जात म्हणून नोंदवायची तर अख्खा मासा लागतो, फोटो चालत नाही. तो औषधात ठेवावा लागतो, आणि कायमचा. मी पान हातात घेतलं, सगळ्यांची पाठ वळली तेव्हा मासा बरणीत टाकला आणि वर फॉर्मॅलिन ओतलं. हा मासा म्हणजेच डोह वाचवायचा पुरावा. वाईट वगैरे वाटलं नाही मला.

२० फेब्रुवारी

नवल आहे. फॉर्मॅलिनमध्ये माशाचा रंग दिवसभरात उतरतो आणि डोळा उकडल्यासारखा पांढरा होतो. हा कालच्यापेक्षा टवटवीत दिसतोय. शेपटी तशीच केशरी, डोळा काचेसारखा. द्रावण कच्चं झालं असेल म्हणून नवं करून ओतलं.

उत्साहात जेवायचं विसरले. अंबूबाई रागावल्या.

२६ फेब्रुवारी

पुण्याहून माझ्या संशोधनाच्या सरांचा फोन. फोटो आणि मोजमापं बघून ते खुर्चीवरून उठलेच असतील, असा आवाज लागला होता. जात नक्की नवी आहे. मासा मुंबईच्या संग्रहालयात जमा करायचा, तिथली पावती आणि सरांचं पत्र सुनावणीत ठेवायचं. देवेशराव, वळवा आता रस्ता!

एक चमत्कारिक गोष्ट. परवापासून भूक नाही. आजारी वाटत नाही, नुसती भूक नाही. घास तोंडात घेतला की मातीचा वाटतो. बोटातली जखम अजून तशीच आहे, चिघळत नाही आणि भरतही नाही. वाडीत डास एवढे की अंबूबाई धूर केल्याशिवाय ओट्यावर बसत नाहीत. मी आज धुराबाहेर बसले होते. एकही चावला नाही.

५ मार्च

हाताची बोटं सुरकुतलीत, खूप वेळ पाण्यात राहिल्यावर होतात तशी. पुसली तरी तशीच. डहाणूच्या डॉक्टरने रक्त काढायला सुई टोचली, रक्त येईना. दुसरी सुई टोचली. शेवटी अशक्तपणा म्हणून गोळ्या लिहून दिल्या. नखं कापायची वेळ झाली होती, ती वाढलीच नाहीत.

रूपी वाडीत आली होती. माझे हात उलटसुलट करून बघितले. मग तिने सरळ विचारलं की मासा ठेवलायस का. मी बरणी दाखवली. मासा आता बरणीत उभा राहतो, तोंड काचेकडे करून. कल्ले हलल्यासारखे वाटतात. मी म्हटलं, द्रावण हिंदकळतं म्हणून.

रूपीने सांगितलेलं जसंच्या तसं लिहिते. तिच्या आजीच्या वेळी ओढ्यावर साकव बांधायला चिंचणीचा एक माणूस आला होता. किनाऱ्यावरचा माणूस, मासा दिसला की मीठ लावून वाळत घालणार. त्याने या डोहाचे मासे खारवून पोत्यात ठेवले. पुढे त्याचं खाणं सुटलं, घाम येईनासा झाला, बोलणं सुटलं. काठावर बसून राहायचा, डोळे उघडे. कुजला नाही, वाळला नाही. मेला समजून पाड्याने त्याला चितेवर ठेवलं तर पेटेना. लाकडं जळून गेली आणि हा तसाच! मग कुणीतरी ते पोतं डोहात रिकामं केलं, तेव्हा कुठे तो जळला.

तू ठेवलंस की डोह ठेवतो, असं म्हणाली. मी तिच्यावर खेकसले. ती गेल्यावर दार लावून घेतलं आणि खूप भ्याले. लिहिते खरं तेच.

१२ मार्च

होळी. पाड्यावरच्या होळीजवळ अगदी पुढे जाऊन उभी राहिले. मुद्दामच. सगळ्यांचे चेहरे घामाने निथळत होते. माझ्या अंगाला ऊबसुद्धा लागली नाही. ठिणगी हातावर पडली, काळा डाग राहिला, दुखलं नाही.

ठीक आहे. समजलं. वेडी नाही मी, पुरावा कशाला म्हणतात ते मला कळतं. मासा परत सोडला तर मी सुटेन. पण मग सुनावणीत दाखवायचं काय? टिपऱ्या दुसरा मिळालेला नाही, तीनदा जाळं टाकून झालं. एप्रिलमध्ये डंपर येतील आणि डोह, टिपऱ्या, पाड्याचं पाणी, सगळं मुरुमाखाली.

आज डोहाच्या काठावर उभी राहून चांगली खडसावून आले त्याला. अरे, तुझ्यासाठीच चाललंय हे सगळं. थोडी तरी अक्कल वापर. बुजवायला निघालेला देवेश तिकडे मजेत चिकू खातोय आणि तू माझ्यामागे लागलायस?

पाणी हललं नाही.

१७ मार्च

सरांचा माणूस बरणी न्यायला आला. रूपी दारात आडवी उभी. तिने आणि मी हातघाईवर यायचंच बाकी होतं. मी म्हटलं, तुझ्याच पाड्याचं पाणी आहे, तूच अडवतेस? तेव्हा ती म्हणाली,

“डोह गेला तर गेला. माणूस ठेवायचं नाही.”

मला रडू आलं. डोळ्यांतून पाणी आलं नाही. मीच तिचा हात धरून बाजूला केला. बरणी गेली. जाताना मासा वळून माझ्याकडे बघत होता. असेल भास. नसेलही.

२४ मार्च

जिंकलो! जिंकलो! रस्ता वळणार. डोह आणि ओढा यांना हात लावायचा नाही. देवेशचं हसू प्रथमच गेलेलं बघितलं. पाड्याने ढोल वाजवला. मी नाचले, गुडघे वाकत नव्हते तरी नाचले. अंबूबाईंनी पेढा भरवला. तो तोंडात तसाच राहिला. बाहेर जाऊन काढून टाकला, त्यांना कळू दिलं नाही.

२९ मार्च

बोटं वळत नाहीत. मुठीत पेन धरून लिहितेय. आरशात डोळ्यांवर पांढरट साय. माझ्या अंगाला औषधाचा वास येतो, अंबूबाई नाकाला पदर लावतात आणि मग स्वतःवरच चिडून माझ्याजवळ येऊन बसतात. आज मला पोटाशी धरून रडल्या. आईला फोन केला. आवाज निघाला नाही फारसा. सर्दी झालीय म्हटलं.

रूपी मुंबईला जाते म्हणतेय. संग्रहालयात शिरते, बरणी उचलून आणते. आणेल ती, तिचा भरवसा नाही.

नाही म्हटलं. शंभरदा नाही. मासा तिथे आहे तोवर डोह आहे. मासा गेला की पुरावा गेला, कंपनी दुसऱ्या दिवशी डंपर घेऊन हजर. तिला शपथ घ्यायला लावली, तिच्या पोरांची. तिने घेतली. मला शिव्या देत घेतली.

४ एप्रिल

फक्त डोहात बरं वाटतं. पाण्यात पाय सोडले की बोटं वळतात, लिहिता येतं. बाहेर आलं की लाकूड. म्हणजे मला बोलावतोय. चतुर आहे.

सर म्हणतात नमुना अप्रतिम आहे, असा टिकलेला नमुना उभ्या आयुष्यात बघितला नाही. दोनशे वर्षं राहील.

दोनशे.

७ एप्रिल

सकाळी रूपीच्या आधाराने आले. कमरेपर्यंत पाणी. वही समोरच्या दगडावर. ऊन असावं, नीट दिसत नाही. भीती वाटते, का नाही वाटणार? आईची आठवण येते. भात खावासा वाटतोय, अंबूबाईंच्या हातचा — भूक नाही, तरी.

पायांजवळ काहीतरी फिरतंय. मिशा लागल्या. एक — आणखी एक — हे तर खूप आहेत! एवढे होते कुठे रे? माझ्या जाळ्यात एक नाही आला —

राहा. सुखाने राहा. तुम्हाला कोणी हात लावणार नाही आता.

छातीपर्यंत. मी उतरले नाही. पाणी चढलंय.

रूपी काठावरून रडून ओरडतेय, आणते, शपथ गेली खड्ड्यात, आत्ता जाऊन आणते — नाही म्हणून मान हलवायचीय. हलत नाही. रूपी, आणू नकोस. हे वाच. आणू नकोस.

ऐक रे डोहा. देणार नाही परत. तुला वाचवलाय मी, तू काहीही कर. मासा तिथे, मी इथे. बघू, कोण आधी —