फेकलेले लाडू

देवास,
१४ डिसेंबर २०२५

तीर्थस्वरूप आत्याबाईंना वैभवीचा वाकून नमस्कार.

इथे बाबा, हे आणि उर्वी, सगळे मजेत. धारला थंडी फार पडली असेल. तुम्ही गुडघ्याला गरम पट्टा बांधता ना? फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि मला जे सांगायचंय ते ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून हे पत्र. माझी सगळी शाळा हिंदीतली. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, सांभाळून घ्या.

उर्वीला साडेसहा महिने झाले. उशीला टेकून बसते. काल बाबांचा चष्मा ओढला आणि स्वतःच दचकून रडली. सात किलोची झालीय. दर गुरुवारी तुम्ही फोन करता आणि एवढंच विचारता, “पोर पितेय ना?” मी “हो” म्हणते. त्यापुढे तुम्ही कधी काही विचारलं नाहीत. म्हणूनच मला जास्त लागतं.

मला आई नाही, या घरात सासूबाई नाहीत. माझं बाळंतपण कोण करणार म्हणून हे काळजीत होते, तेव्हा यांची आत्या म्हणून तुम्ही न बोलावता डिंक, मेथी, अळीव घेऊन आलात. उर्वीच्या बारशाला शेजारची नेहा सगळ्यांसमोर म्हणाली, “भाभी, आप तो पूरा सोफा हो गई हो!” सगळे हसले. हेही हसले. नेहाचं काही नाही, ती सगळ्यांनाच चिडवते. पण यांचं हसणं मला टोचलं. त्या संध्याकाळी मी लग्नातला कुर्ता काढून बघितला, तो खांद्यावरच अडकला.

उर्वीची दीड महिन्याची लस झाली, त्याच दिवसापासून मी मोबाइलवर पाहून डाएट सुरू केलं. सकाळी गरम पाणी, दुपारी वाटीभर पपई, दिवस मावळला की काही नाही. तुम्ही ताट खोलीत आणून द्यायचात. भाजी-भाकरी मी वर्तमानपत्रात गुंडाळायची, लाडू डायपरच्या रिकाम्या पाकिटात घालायची, आणि सकाळी कचरागाडी आली की स्वतः जाऊन टाकून यायची. तुम्ही कौतुकानं म्हणायचात, “वैभवी आता खाली उतरते, अंगात ताकद आली.” मी मान हलवायची.

अडीच महिन्यांच्या लसीला उर्वीचं वजन केलं. महिन्याभरात जेमतेम शंभर ग्रॅम वाढलं होतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “माँ ठीक से खा रही है?” मी म्हटलं, “जी, सब खाती हूँ. बुआजी सब खिलाती हैं.” त्या म्हणाल्या, आठ दिवसांनी परत दाखवा.

घरी आल्यावर बाबा स्वतःच्या थोरल्या बहिणीवर, तुमच्यावर घसरले. “अक्का, तुझं ते जुनं शास्त्र ठेव आता. एवढं तूप नि मेथी घालून पोरीच्या आईचं पोट बिघडलं, दूध आटलं.” तुमच्या हातात वरणाचा डाव होता. तुम्ही एकदाच माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, “असेल रे. जुनी माणसं आम्ही.”

मी तिथेच उभी होते, आत्याबाई. काही बोलले नाही.

दोन दिवसांनी तुम्ही निघालात. हे तिकीट काढायला गेले, आणि स्टँडवर तुम्ही मला हळूच सांगितलंत, “कचरागाडीवाला मला म्हणाला होता, अम्मा, लड्डू तो अच्छे थे, फेंकते क्यों हो? लसीच्या आधीच कळलं होतं मला.”

मी विचारलं, “मग त्या दिवशी बोलला का नाहीत?”

“तू ओली बाळंतीण. तुला त्यांच्यापुढे उभं करून मला काय मिळणार होतं? एकटीला विचारणार होते, त्याआधीच हे झालं. आणि माझंही चुकलं. मी ताट रिकामं झालं की नाही तेवढंच पाहिलं, तुझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. बारीक व्हायचंय तर हो. पण उपाशी राहू नकोस. त्या अंगणवाडीतल्या नर्सला विचार, नीतूला. ती शिकलेली आहे.”

तेव्हाही मी तुम्हाला थांबवलं नाही. बस सुटली.

आता जे तुम्हाला अजून सांगितलं नाही ते लिहिते. तुम्ही गेल्यावर चौथ्या दिवशी उर्वीला घेऊन जिना उतरत होते आणि डोळ्यांपुढे अंधार आला. कठडा हाताला लागला म्हणून तिथेच बसले. उर्वी छातीशी होती, तिला काही झालं नाही. किती वेळ बसले कोण जाणे. उठले ती तशीच अंगणवाडीत नीतूदीदींकडे गेले आणि सगळं ओकून टाकलं.

त्या रागावल्या नाहीत. आधी समोर बसवून पोळी-वरण खायला लावलं, मग समजावलं. पोर अंगावर पीत असताना आईला नेहमीपेक्षा जास्त खायला लागतं. वजन उतरू द्यायचं, पण हळूहळू, आठवड्याला फार तर अर्धा किलो. एकही जेवण चुकवायचं नाही. लाडू तीनच्या जागी एक. वरण, पालेभाजी, दही, मूठभर चणे. पाजायला बसलं की शेजारी पाण्याचा तांब्या. शेव, कचोरी आणि गोड चहा कमी. संध्याकाळी उर्वीला घेऊन टेकरीच्या रस्त्यानं चालून यायचं. तुमच्या मेथीला तर त्यांनी नावं ठेवलीच नाहीत. तूपच तेवढं थोडं कमी करायला सांगितलं.

आठ दिवसांनी उर्वीच्या वजनाचा काटा थोडाच हलला, पण हलला. पुढच्या महिन्यात उर्वीच्या मनगटाला वळी पडली. मी अठ्ठ्याहत्तर किलोवरून एकाहत्तरवर आले. तो कुर्ता अजून होत नाही. परवा तो नेहालाच देऊन टाकला आणि मापाचा नवा शिवला.

मागच्या रविवारी जेवताना मी बाबांना आणि यांना सगळं सांगितलं. लाडू, गाडी, जिना, सगळं. हे म्हणाले, “मी हसलो होतो, मला आठवतंय.” आता संध्याकाळी उर्वीला तेच उचलून घेतात आणि माझ्याबरोबर चालतात. बाबांचा घास हातातच राहिला. “अक्का एक अक्षर बोलली नाही?” एवढंच म्हणाले आणि उठले. तेव्हापासून रोज तुमचा नंबर काढतात आणि फोन तसाच खाली ठेवतात.

एकवीस तारखेला उर्वीचं उष्टावण आहे. रीतीनं पहिला घास मामा भरवतो. माझ्या भावाला मी विचारलं, तो म्हणाला, “दीदी, बुआजी का हक पहले है.” शनिवारी बाबा तुम्हाला न्यायला धारला येत आहेत. माफी मागता येईल की नाही, त्यांनाच ठाऊक नाही. मला तर या पानावरसुद्धा नीट जमलेली नाही. तुमचा राग असेल तर बाबांना चहा देऊन परत पाठवा, आम्ही काही म्हणणार नाही. पण आलात तर ताट माझ्यासमोर वाढा, आणि मी जेवेपर्यंत शेजारी बसा.

माझी लाज तुम्ही स्वतःच्या अंगावर घेतलीत. सख्ख्या आईनं आणखी काय केलं असतं, मला माहीत नाही.

तुम्हाला बसमध्ये बसवून गप्प राहिलेली,
तुमची लेक
वैभवी