रूपीने परत दिलेली किल्ली

सरावली, डहाणू रोड
फेब्रुवारी २०१९

चि. सौ. नयना हिस,

अनेक आशीर्वाद. तुझे गुडघे आणि शांतारामरावांची शुगर दोन्ही ताब्यात असतील अशी आशा आहे. माझी प्रकृती आता विचारू नकोस. विचारायची ती गेल्या महिन्यात. तुमच्या नाशिकला आमचे भूकंप बातम्यांत तरी दाखवतात ना? नोव्हेंबरपासून इथली जमीन हलते आहे, आणि सख्ख्या बहिणीने फोनवर मला काय विचारलं, तर चिकूचा भाव!

तर माझे हाल ऐक. दिवाळीत हॉलला पिस्ता रंग दिला होता (तू त्याला 'दवाखाना' म्हणालीस, मी विसरलेले नाही), त्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला आहे. आईच्या टी-सेटची किटली फुटली. सगळ्यांसारखा मीही ताटात पालथा तांब्या ठेवते, म्हणजे धक्का बसला की तो पडून आवाज होतो. गेल्या सोमवारी दुपारी डोक्याला मेंदी लावून बसले होते आणि तांब्या पडला. मी डोक्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली, तशीच टी-सेट ट्रेसकट उचलून अंगणात धावले आणि "पळा, पळा" म्हणून ओरडले. कुंपणापलीकडून नविनभाई (रेल्वेत गार्ड होते; निवृत्तीनंतर ड्युटी कुंपणावर) म्हणाले, "बेन, ए तो मालगाडी छे." रुळांशेजारी जन्म काढला आणि मालगाडी ओळखता आली नाही! वर म्हणतात कसे, आता कप आणलेच आहेत तर चहा होऊन जाऊ दे.

हे सगळं माझ्या एकटीवर, कारण रूपी येत नव्हती. (घरकामाला येते ती, झरीची, पावसाळ्यात तुझ्यासाठी रानातली शेवळं आणायची.) आली नाही, निरोप नाही. चार दिवस वाट पाहिली आणि तिच्या पाड्यावरची नवशी भाजी घेऊन स्टेशनवर बसते तिच्याबरोबर मीच निरोप धाडला, की यायचं नसेल तर येऊ नकोस, पण माझ्या घराची किल्ली परत दे. किल्लीही येईना. शेवटी परवा जीपमध्ये बसून झरीला गेले. काय काय सुनवायचं ते वाटेत क्रमवार लावून ठेवलं होतं.

रूपीच्या घराची एक भिंत आत कोसळली आहे, आणि बाकीच्या उभ्या आहेत यावर कोणाचा विश्वास नाही. सगळं घर चिंचेखाली आलं आहे. चूल बाहेर, कोंबड्या बाहेर, आणि जुन्या साड्यांच्या आडोशाला तिची सून शितल, ओली बाळंतीण. रात्री इथे काय गारठा पडतो ते तुला माहीत आहे. मला पाहून रूपी लगबगीने उठली. पहिला प्रश्न काय, तर "बाय, तुमचे कप वाचले ना?" मी म्हटलं, किटली फुटली. "अरेरे, चांगली होती," म्हणून हळहळली. अगं, स्वतःच्या पडलेल्या भिंतीपाशी उभी राहून ती माझ्या किटलीचा दुखवटा पाळत होती, आणि मी खुशाल पाळू देत होते!

मग तिने गळ्यातला दोरा काढला. त्यात माझी किल्ली होती. पळताना गळ्यात होती म्हणून वाचली. तिची स्वतःची पत्र्याची पेटी अजून भिंतीखाली आहे. "निरोप मिळाला, बाय. सुनेला सोडून येता नाही आलं," एवढं म्हणून तिने किल्ली माझ्या हातावर ठेवली. अशा वेळी काय बोलावं ते कोणालाही सुचलं असतं. मी म्हटलं, "थँक्यू." कॉन्व्हेंट शाळेत नन्सनी इतकी वर्षं घासून घासून लावलेली सवय नेमकी तिथे कामाला आली. किल्ली पर्समध्ये टाकली आणि जीप चुकेल म्हणत निघाले. जीप कितीतरी वेळ आलीच नाही. नाक्यावर उभी राहून मला ती चिंच दिसत होती. मागे फिरले नाही.

तेव्हापासून किल्ली टेबलावर पडून आहे. घरात माणूस एक आणि किल्ल्या दोन. केर मी काढते, वाईट काढते.

शांतारामरावांना नमस्कार, अदितीला गोड पापा.

तुझी,
जयूताई

ता. क. गवंडी येऊन गेला. तडा भूकंपाचा नाही. घड्याळासाठी दिवाळीत मी स्वतः ठोकलेल्या खिळ्यापासून तो निघतो. किटलीही भूकंपाने गेली नाही. त्या सोमवारी अंगणातून आत येताना पायरीवर माझ्याच हातून पडली. नविनभाई साक्षीदार आहेत, त्यामुळे लपवण्यात अर्थ नाही.

ता. क. दुसरा. तुमच्या गौरवचा ट्रेकिंगचा तंबू तुझ्या माळ्यावर धूळ खात असेल. त्यात बाळ-बाळंतीण मावतील ना?

ता. क. तिसरा. पार्सल करू नकोस, या शनिवारी स्वतः घेऊन ये. तंबू काय, मी एकटीही नेईन; किल्ली एकटीने नेववणार नाही. शाळेत 'आय ॲम सॉरी' पाटीभर लिहून घेतलं, तोंडाने म्हणायला कोणी लावलं नाही. तू रूपीशी शेवळांचं काहीतरी बोलत राहा, तेवढ्यात मी किल्ली पुढे करते. तिने नको म्हटलं तर नको. पण या खेपेला जीपचं नाव मी काढणार नाही. कप बरोबर घेते आहे.